ऑनर्सला काय लागतं?

माझं आजोळ दापोली तालुक्यातलं आंजर्लं. जवळच मुरडी, म्हणजे रघुनाथ पुरुषोत्तम परांजप्यांचं गाव. त्यामुळे 'रँगलर' हे बिरुद आमच्या लहानपणी घरातल्या बोलण्यात सहज येऊन जायचं. कुणाला गणितात चांगले गुण पडले की आजी म्हणायची, "रँगलर व्हायचं लक्षण दिसतंय." केंब्रिज कुठे आहे हे तिला माहीत नव्हतं, पण तिथे शेजारगावचा मुलगा पहिला आला हे तिला पक्कं ठाऊक होतं. पुढे मी गणितात एम.एस्सी. झाले, पुण्यात नोकरी लागली, आधी गणित आणि मग संगणकशास्त्र शिकवलं. निवृत्त झाले तरी ओळखीतली मुलं आणि त्यांचे आईवडील अजून विचारायला येतात. हल्ली प्रश्न बहुतेक एकच असतो: "मॅडम, कॉम्प्युटर सायन्सच्या ऑनर्सला काय लागतं?"

क्रेडिट किती आणि टक्के किती, हे मी सांगते. पण तेवढं सांगून माझं समाधान होत नाही. ऑनर्सला काय लागतं याचं उत्तर गेल्या पावणेतीनशे वर्षांत अनेकदा बदललं आहे. जेव्हा जेव्हा ते बदललं, तेव्हा आधीच्या उत्तराने कुणाकुणाला दाराबाहेर ठेवलं होतं हेही उघड झालं. आता आपल्या महाविद्यालयांना हे उत्तर नव्याने लिहायचं आहे, म्हणून ही हकिगत.

परांजपे जन्मले १८७६ साली. नात्यातल्या धोंडो केशव कर्व्यांच्या आधाराने मुंबईत शाळा, मग पुण्यात फर्ग्युसन कॉलेज, आणि १८९६ साली सरकारी शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजचं सेंट जॉन्स कॉलेज. तिथे ऑनर्सची पदवी हवी असेल तर ठरावीक सत्रं त्या गावात राहणं सक्तीचं होतं. मुलं जिला 'लिटल-गो' म्हणत ती प्राथमिक परीक्षा सगळ्यांना द्यावी लागे. तिच्यात ग्रीक, लॅटिन आणि ख्रिस्ती धर्माच्या पुराव्यांवरचं विल्यम पेलीचं पुस्तक असे. ग्रीकची सक्ती उठायला १९१९ साल उजाडलं. हे सगळं पार पडल्यावर ट्रायपॉस: कित्येक दिवस चालणारी, घड्याळाशी झुंज लावणारी गणिताची लेखी परीक्षा. ऑनर्स मिळवणाऱ्यांचे तीन वर्ग पडत. वरचे रँगलर, मधले सीनियर ऑप्टिमे, खालचे ज्युनियर ऑप्टिमे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून ही यादी गुणानुक्रमे छापली जायची. सेनेट हाउसमध्ये ती मोठ्याने वाचली जाई आणि ऐकायला गर्दी जमे. ऑनर्सच्या यादीत अगदी शेवटी आलेल्याला त्याचे मित्र माडीवरून दोरीने सोडलेला लाकडी चमचा भेट देत. १८९९ च्या यादीत परांजपे पहिल्या क्रमांकावर होते, जॉर्ज बर्टविसल या इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीने. सीनियर रँगलर झालेले ते पहिले भारतीय.

ही परीक्षा अवघड होती यात शंका नाही. पण ती नेमकं काय मोजत होती? मुख्यतः वेग आणि सराव. ठरावीक वेळात जास्तीत जास्त प्रश्न बिनचूक सोडवणारा वर चढे. त्यासाठी कॉलेजच्या व्याख्यानांचा फारसा उपयोग होत नसे, खाजगी शिकवणी लावावी लागे. एडवर्ड राउथ हा त्या काळचा सर्वांत नावाजलेला शिकवणीवाला. त्याच्या हाताखालून पंचवीसहून अधिक सीनियर रँगलर तयार झाले. तो स्वतः १८५४ चा सीनियर रँगलर. त्या वर्षी त्याच्या खाली दुसरं नाव जेम्स क्लार्क मॅक्सवेलचं होतं. विजेचं आणि चुंबकत्वाचं एकत्र गणित जगाला देणारा माणूस त्या यादीत दुसरा आला, एवढ्यावरून यादीची मर्यादा कळावी. आज पुण्यात क्लासच्या पाट्या बघताना मला राउथ हटकून आठवतो. परीक्षेचं स्वरूप ठरलं की क्लास आपोआप निघतो, मग ते केंब्रिज असो की कर्वे रोड.

यादीत जी नावं नाहीत त्यांच्यात माझा जीव अधिक अडकतो. थॉमस मेकॉले १८२२ साली गणिताच्या ऑनर्समध्ये नापास झाला. अभिजात भाषांत तो अतिशय हुशार होता, पण त्या काळी गणिताचा ऑनर्स पार केल्याशिवाय भाषांची मोठी पदकं मिळवण्याचा हक्कच नसे. पुढे तेरा वर्षांनी हाच मेकॉले आपल्या देशातल्या उच्च शिक्षणाबद्दल टिपण लिहायला बसला. चार्ल्स डार्विनने ऑनर्सचा मार्ग धरलाच नाही. १८३१ साली साधी पदवी घेणाऱ्या १७८ जणांत तो दहावा आला आणि त्याच वर्षी बीगल जहाजावर चढला.

आणि चार्ल्स बॅबेज. संगणकशास्त्र शिकवणाऱ्या माझ्यासारखीने त्याच्याजवळ थोडं थांबलंच पाहिजे. १८१२ साली त्याने जॉन हर्शेल आणि जॉर्ज पीकॉक या मित्रांबरोबर ॲनालिटिकल सोसायटी काढली. इंग्लंडमधलं गणित न्यूटनच्या चिन्हांत अडकून मागे पडलं आहे, त्याला फ्रान्सकडच्या नव्या पद्धतीची ओळख करून द्यायची, हा त्या मुलांचा उद्योग. १८१३ च्या यादीत हर्शेल पहिला आला, पीकॉक दुसरा. बॅबेजची पाळी पुढच्या वर्षी. पीटरहाउस कॉलेजात त्याच्याइतकं गणित कुणालाच येत नव्हतं. पण लेखी परीक्षेआधी तोंडी वादविवादाची पायरी असे, आणि तिथे त्याने मांडलेला मुद्दा धर्मनिंदक ठरला. १८१४ साली त्याला परीक्षा न देता साधी पदवी मिळाली. चौदा वर्षांनी, १८२८ साली, त्याच विद्यापीठाने त्याला ल्युकेशियन प्राध्यापक केलं, म्हणजे न्यूटनच्या गादीवर बसवलं. ज्याने छिद्रांच्या पत्त्यांवर चालणाऱ्या गणनयंत्राची कल्पना मांडली, त्याच्या नावापुढे ऑनर्स नाही. पहिल्या तासाला मी हे वर्गात आवर्जून सांगायचे.

स्त्रियांची गोष्ट याहून कडू. त्यांना परीक्षेला बसू दिलं जाई, पण यादीत त्यांचं नाव वेगळं वाचायचं आणि पदवी द्यायची नाही, असा नियम. १८९० साली न्यूनम कॉलेजच्या फिलिपा फॉसेटचे गुण सर्वांत जास्त भरले. तेव्हा तिचं स्थान 'सीनियर रँगलरच्या वर' असं जाहीर झालं. सीनियर रँगलर मात्र तिच्या खालचा मुलगाच राहिला. नऊ वर्षांनी परांजपे पहिले आले. त्यानंतर तीस वर्षांनी, १९२९ साली, त्यांची मुलगी शकुंतला याच न्यूनममधून हीच गणिताची ट्रायपॉस पूर्ण करून बाहेर पडली. तोवर मुलींना नावापुरती पदवी मिळू लागली होती. विद्यापीठाचं पूर्ण सदस्यत्व देणारी पदवी केंब्रिजने स्त्रियांना १९४८ साली दिली. आपल्याकडे शकुंतलाबाई परांजपे म्हटलं की 'कुंकू' मधली भूमिका आठवते, संततिनियमनाचं त्यांचं निर्भय काम आठवतं, राज्यसभा आठवते. बापाला जिथे पहिला मान मिळाला, तिथेच तेच गणित करून लेकीला अर्धा मान मिळाला, ही गोष्टही आठवणीत ठेवायला हवी.

पहिला मोठा बदल झाला तो यादीच्या विरुद्ध. गॉडफ्रे हार्डी १८९८ साली चौथा रँगलर होता, परांजप्यांच्या एक वर्ष आधी. या परीक्षेने इंग्लंडच्या गणिताचं नुकसान केलं असं त्याचं ठाम मत होतं आणि ते त्याने आयुष्यभर सोडलं नाही. १९०९ नंतर गुणानुक्रमे यादी छापणं बंद झालं. शेवटचा लाकडी चमचाही त्याच वर्षी दिला गेला. आता फक्त वर्ग जाहीर होतो, तरी पहिला कोण आला हे गावात कळतंच. १९५९ चे सीनियर रँगलर आपले जयंत नारळीकर. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर हेही रँगलर.

हार्डीने दुसरी एक गोष्ट केली, ती मला यादी मोडण्याहून मोठी वाटते. मद्रासच्या एका कारकुनाला त्याने १९१४ साली केंब्रिजला बोलावून घेतलं. श्रीनिवास रामानुजन इंटरच्या पातळीवरच नापास झालेले, साधी पदवीही नसलेले. ट्रायपॉसच्या रांगेत त्यांना उभं केलं असतं तर लिटल-गोतच ते अडकले असते. पण केंब्रिजने १८९० च्या दशकात संशोधनाच्या जोरावर पदवी देण्याची एक वाट काढून ठेवली होती. १९१६ साली रामानुजनना त्या वाटेने बी.ए. मिळाली. त्यांनी दाखल केलं ते एकच: भरपूर विभाजक असलेल्या संख्यांवरचं स्वतःचं लेखन. इथे 'काय लागतं' याचं उत्तर मुळापासून बदललं. तुम्ही किती वेगाने सोडवता हा प्रश्न मागे पडला आणि तुमचं स्वतःचं काय आहे, हा पुढे आला.

संगणकशास्त्र जन्मलं ते याच दुसऱ्या प्रश्नातून. ॲलन ट्युरिंग १९३४ साली किंग्ज कॉलेजमधून रँगलर झाला. पुढच्या वर्षी वयाच्या बाविसाव्या वर्षी त्याला फेलोशिप मिळाली, संभाव्यताशास्त्रातल्या एका सिद्धांताच्या सिद्धतेवर. गंमत अशी की तो सिद्धांत लिंडेबर्ग नावाच्या गणितज्ञाने १९२२ मध्येच सिद्ध केला होता आणि ट्युरिंगला त्याचा पत्ता नव्हता. तरी फेलोशिप दिली गेली, कारण त्याने वाट स्वतः शोधली होती. असे परीक्षक मिळायला भाग्य लागतं. आपल्याकडच्या एखाद्या समितीने 'हे आधीच झालेलं आहे' असा शेरा मारून वही परत केली असती. त्यानंतर १९३५ साली मॅक्स न्यूमनची व्याख्यानं ऐकताना त्याला तो प्रश्न भेटला, ज्याच्या उत्तरासाठी त्याने कागदावर एक कल्पित यंत्र रचलं. १९३६ च्या त्या निबंधावर आमचा सगळा विषय उभा आहे.

यंत्र प्रत्यक्षात आणणारा मॉरिस विल्क्स. केंब्रिजला १९३७ मध्ये निघालेल्या गणित प्रयोगशाळेचा तो प्रमुख. १९४६ च्या उन्हाळ्यात तो अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेला, तिथल्या मूर स्कूलमध्ये चाललेल्या संगणकावरच्या व्याख्यानांना. पोचेपर्यंत बरीच व्याख्यानं संपली होती. परतीच्या बोटीवर त्याने स्वतःच्या यंत्राचा आराखडा काढायला घेतला. ते यंत्र, एडसॅक, ६ मे १९४९ रोजी चाललं आणि त्याने वर्गसंख्यांचा तक्ता छापला. तीन हजारांच्या आसपास व्हॉल्व्ह आणि स्मृतीसाठी पाऱ्याच्या नळ्या. लोक आपापल्या प्रोग्रामच्या कागदी फिती पंच करून आणत आणि त्या फिती पाळीची वाट पाहत टांगून ठेवलेल्या असत. स्वतःच्याच प्रोग्राममधल्या चुका शोधण्यात आपलं उरलेलं आयुष्य जाणार आहे, हे विल्क्सला एके दिवशी जिन्यात उमगलं. ही आठवण त्याने स्वतः लिहून ठेवली आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्या कुणालाही ती पटेल. प्रोग्राम आधी चुकतो. मग तो चालवून, बघून, पुन्हा लिहून बरोबर होतो. तीन तासांच्या पेपरात हे काम बसत नाही. संगणकशास्त्राच्या ऑनर्सचं सगळं कोडं इथे आहे.

१९५३ साली केंब्रिजने संख्यात्मक विश्लेषण आणि स्वयंचलित गणन या विषयाची एक वर्षाची पदविका सुरू केली. संगणनाचा शिकवून पूर्ण होणारा जगातला पहिला अभ्यासक्रम तो. पण पदविका म्हणजे ऑनर्स नव्हे. संगणकशास्त्राची स्वतंत्र ट्रायपॉस आली ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, एडसॅक चालल्यानंतर वीसेक वर्षांनी. आज तिथे शेवटच्या वर्षाला लेखी परीक्षेच्या जोडीला प्रत्येकाला स्वतःचा प्रकल्प करावा लागतो आणि त्याचा प्रबंध लिहावा लागतो. या प्रबंधाला बारा हजार शब्दांची मर्यादा आहे. यंत्र बनवा, ते चालतं हे दाखवा, आणि काय जमलं नाही तेही लिहा.

परीक्षेऐवजी काम, या अदलाबदलीचं सर्वांत सुंदर उदाहरण मात्र केंब्रिजचं नाही. १९५१ साली अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये रॉबर्ट फॅनोने वर्गाला पर्याय दिला: शेवटची परीक्षा द्या किंवा एक निबंध लिहा. निबंधाचा प्रश्न होता, अक्षरांना कमीत कमी लांबीचे सांकेतिक अंक कसे द्यायचे. फॅनो आणि क्लॉड शॅनन दोघांनी यावर काम केलं होतं, पण त्यांची पद्धत सर्वोत्तम नव्हती. डेव्हिड हफमन नावाच्या विद्यार्थ्याने निबंध निवडला, कित्येक महिने डोकं फोडलं, हाती काही लागेना. आता परीक्षेचाच अभ्यास करावा असं ठरवत असताना उत्तर सुचलं: झाड वरून खाली न बांधता खालून वर बांधायचं. १९५२ साली ते प्रसिद्ध झालं. तुमच्या फोनमधले फोटो आणि झिप केलेल्या फायली अजून त्याच युक्तीने लहान होतात. हफमनने त्या दिवशी परीक्षाच दिली असती तर एक बरी श्रेणी मिळाली असती, इतकंच.

आता अमेरिकेतल्या ऑनर्सकडे वळते, कारण आपली आत्ताची चौकट बरीचशी तिकडून आली आहे. फिलाडेल्फियाजवळ स्वार्थमोर नावाचं छोटं कॉलेज आहे, क्वेकर पंथाच्या लोकांनी १८६४ साली स्थापलेलं. १९२१ साली तिथे फ्रँक एडेलॉट अध्यक्ष झाले. ते ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकलेले. अमेरिकन कॉलेजात सगळी मुलं एका पावलाने चालवली जातात, तासाला हजर राहायचं, क्रेडिट जमवायची, पुढे सरकायचं, ही गोष्ट त्यांना खुपत होती. या कवायतीवर त्यांनी पुढे पुस्तकही लिहिलं. १९२२ साली त्यांनी ऑनर्स सुरू केलं, आधी फक्त इंग्रजी साहित्य आणि सामाजिक शास्त्रांत. शेवटची दोन वर्षं निवडक मुलांना नेहमीच्या तासांतून मोकळं करायचं. आठवड्याला एक चर्चासत्र, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुलं, प्रत्येकाने वाचून आणि लिहून यायचं. आणि शेवटी परीक्षा घ्यायला बाहेरच्या विद्यापीठांतले लोक बोलवायचे.

शंभर वर्षांनी ही रीत तिथे टिकून आहे आणि संगणकशास्त्रालाही लागू आहे. विद्यार्थी चार तयाऱ्या करतो, तीन मुख्य विषयातल्या आणि एक दुय्यम विषयातली. त्यांपैकी एखादी तयारी प्रबंधाची असू शकते. शेवटी बाहेरचे परीक्षक येतात, समोरासमोर बसून विचारतात, आणि ऑनर्स, हाय ऑनर्स की हायेस्ट ऑनर्स हे तेच ठरवतात. कॉलेजच्या शिक्षकांच्या हाती तो निर्णय नसतो. एडेलॉटच्या योजनेतला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. गुण देणारा दुसराच असेल तर शिक्षक आणि विद्यार्थी एका बाजूला येतात. मुलगा शिक्षकाला खूश ठेवायचं सोडतो, शिक्षक मुलाला तयार करायला लागतो. मी शिकवताना हे फार थोड्या वेळा अनुभवलं, आणि ते दिवस माझ्या नोकरीतले सर्वांत चांगले दिवस होते.

बाहेरचा परीक्षक आपल्याला अनोळखी नाही. पुण्यात सायन्सला शिकलेल्या प्रत्येकाला 'एक्स्टर्नल' माहीत आहे. जर्नल सर्टिफाय करून घेणं, सबमिशनची धावपळ, आणि मग एक्स्टर्नलसमोर व्हायवा. ऑनर्स हा शब्द पुण्यात फारसा नव्हता, आम्ही टी.वाय.ला 'स्पेशल' घ्यायचो. मी गणित स्पेशलची. पहिला प्रोग्राम मी कोडिंग शीटवर फोरट्रानमध्ये लिहिला. कार्डं पंच होऊन जात आणि निकालाचा कागद दुसऱ्या दिवशी हाती येई. देशात तोवर यंत्रं मोजकीच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक पूर्ण झाला होता, १९६३ मध्ये आय.आय.टी. कानपूरला आय.बी.एम. १६२० आला होता. विषय शिकवणारे लोक गणितातून, भौतिकीतून, विद्युत अभियांत्रिकीतून आलेले. आमच्यापैकी बहुतेकांनी आधी स्वतः शिकत शिकत शिकवलं.

प्रकल्पही आपल्याकडे सुरुवातीपासून आहे. बी.एस्सी. संगणकशास्त्राला आहे, एम.एस्सी.ला आहे, अभियांत्रिकीला आहे. पण कित्येक ठिकाणी त्याचं काय झालं हे शिक्षकांना सांगायची गरज नाही. ग्रंथालय व्यवस्थापन, दवाखाना व्यवस्थापन, तेच तक्ते, तेच आलेख, काळ्या रेक्झिनची बांधणी, वर सोनेरी अक्षरं. एक्स्टर्नल दिवसाला चाळीस-पन्नास मुलं तपासतो. वही उघडतो, मुखपृष्ठ आणि प्रमाणपत्र बघतो, एक प्रश्न विचारतो. यात मुलांचा दोष कमी आहे. आपण त्यांच्याकडून जे मागितलं ते त्यांनी दिलं.

आता नवी चौकट पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीची रचना जाहीर केली. तीन वर्षांना किमान १२० क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून जास्त गुण असतील तर चौथ्या वर्षी संशोधन घेता येतं. त्यासाठी बारा क्रेडिटचा संशोधन प्रकल्प किंवा प्रबंध आहे आणि पदवीवर 'संशोधनासह ऑनर्स' असं लिहून येतं. बाकीच्यांना ऑनर्स हवं असेल तर त्या बारा क्रेडिटऐवजी जादा विषय. महाराष्ट्रात ही रचना २०२३ पासून टप्प्याटप्प्याने लागू होते आहे. अभियांत्रिकीसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात वेगळा मार्ग सांगितला होता: १६० क्रेडिटच्या पदवीवर आणखी वीस क्रेडिट मिळवली की ऑनर्स, आणि ती ऑनलाइन अभ्यासक्रमांतूनही मिळवता येतील.

बारा क्रेडिटचा प्रबंध मला मनापासून पटतो. रामानुजनपासून निघालेली रेघ थेट तिथे येते. वीस जादा क्रेडिटचा ऑनर्स मला पटत नाही. जास्त विषय शिकणं चांगलंच आहे, पण ताटात आणखी चार वाट्या मांडल्याने स्वयंपाक येत नाही. आणि ७५ टक्क्यांची अट मला खुपते. संगणकशास्त्रात पहिल्या वर्षी अडखळणारी आणि तिसऱ्या वर्षी झेपावणारी मुलं मी खूप पाहिली आहेत, विशेषतः बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आलेली. पहिली दोन सत्रं त्यांची इंग्रजी पुस्तकं उलगडण्यात जातात. त्यांच्या सहा सत्रांच्या सरासरीत ती सत्रं कायमची नोंदली गेलेली असतात. अशा मुलाने प्रकल्पाचा चांगला आराखडा आणला तर टक्के बाजूला ठेवण्याची मुभा विभागाला असायला हवी.

असाच एक मुलगा माझ्याकडे होता, जुन्नरकडचा. मराठी शब्द कोशाच्या क्रमाने लावणारा प्रोग्राम लिहायचा, हे त्याने स्वतः सुचवलं. ऐकायला सोपं वाटतं. पण संगणकात देवनागरी अक्षरांना जे क्रमांक दिलेले आहेत त्यांत ळ येतो ल च्या लगेच मागे, आणि आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर आहे. क्ष आणि ज्ञ ही तर संगणकाच्या दृष्टीने अक्षरंच नाहीत, ती क आणि ष, ज आणि ञ यांची जोडणी. सरळ क्रमांकाने लावलं तर 'क्षमा' जाते क मध्ये, आणि शाळेतल्या वर्णमालेने गेलं तर ती येते अगदी शेवटी. जुन्या-नव्या कोशांतही एकवाक्यता नाही. या मुलाने ग्रंथालयातले कोश उतरवून काढले, प्रत्येकाचा नियम लिहून काढला, मग एक क्रम निवडला आणि तो का निवडला ते मांडलं. त्या वर्षी एक्स्टर्नल म्हणून दुसऱ्या विद्यापीठातले एक वयस्क सर आले होते. अहवाल त्यांनी आधी मागवून वाचला होता. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "अनुस्वार कुठे धरलास?" मुलगा उठून फळ्याकडे गेला. तासाहून जास्त वेळ ते दोघं बोलत होते आणि मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. त्याची पहिल्या वर्षाची गुणपत्रिका ७५ च्या बरीच खाली होती.

म्हणून अभ्यास मंडळांवर आणि विभागांत बसलेल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांना हात जोडून सांगते. चौथं वर्ष आखताना आणखी तीन पेपर घालून बारा क्रेडिट भरून टाकण्याची सोय सगळ्यांत सोपी आहे, तिला नाही म्हणा. विषय विद्यार्थ्याला निवडू द्या, मग तो लहान असला तरी चालेल. बाहेरचा परीक्षक खरोखर बाहेरचा बोलवा, शेजारच्या महाविद्यालयातला नव्हे. त्याला अहवाल महिनाभर आधी पाठवा, दिवसाला पाचांपेक्षा जास्त मुलं देऊ नका, आणि त्याच्या मानधनाची व प्रवासखर्चाची तरतूद अंदाजपत्रकात आत्ताच करून ठेवा.